पावसाचे आकडे पायथनने फाइलमध्ये लिहायचे तर नुसता मोड बदलून भागणार नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: रोज सकाळी स्क्रिप्ट चालते, ओपन-मेटिओ या हवामानाचा डेटा देणाऱ्या सेवेवरून गोव्यातल्या पणजी, वाळपई आणि सांगे या तीन ठिकाणांचा पाऊस नि तापमान ओढते, शिवाय घरच्या पर्जन्यमापकाचा आकडा तू हाताने टाकतोस. फाइलमध्ये मात्र कायम शेवटचाच दिवस उरतो, एक्सेलमध्ये उघडली की दर ओळीनंतर एक रिकामी ओळ दिसते, आणि 'वाळपई'च्या जागी भलतीच चिन्हं. मग पुढे विचारलंयस की सीएसव्हीच (स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची साधी फाइल) ठेवू, जेसन (नाव-किंमत जोड्यांचा मजकूर) करू की सरळ डेटाबेस, आणि वेधशाळेचा पणजीचा आकडा तुझ्या आकड्याशी जुळत का नाही. हा शेवटचा प्रश्न तू जाता जाता टाकलायस पण खरं दुखणं तिथेच आहे, म्हणून बाकीचं आधी पटापट उरकतो.

शेवटचाच दिवस उरतो कारण फाइल उघडणाऱ्या ओपनला तू 'डब्ल्यू' मोड दिलायस. डब्ल्यू म्हणजे फाइल उघडताक्षणी पाटी कोरी, तू पुढे काही लिही वा न लिही. म्हणजे तुझ्या कोडमध्ये आधी फाइल उघडतोस आणि मग आतमध्ये ओपन-मेटिओला रिक्वेस्ट मारतोस, त्या दिवशी नेट नसेल तर स्क्रिप्ट एरर देऊन थांबते पण जुना डेटा तोवर गेलेला असतो. 'ए' मोड वापर, म्हणजे लिखाण शेवटाला जोडलं जाईल, आणि क्रम उलटा कर: आधी डेटा आण, तो ठीक आहे का बघ, मगच फाइल उघड. 'एक्स' नावाचा तिसरा मोडही आहे, तो फाइल आधीपासून असेल तर चक्क नकार देतो, रोजची वेगळी फाइल करायची असेल तर हाच चांगला, चुकून कालच्या फाइलवर आज लिहिलं जात नाही. आणि रिक्वेस्टनंतर रेझ-फॉर-स्टेटस (उत्तरात एरर असेल तर तिथेच थांबवणारं) कॉल करायला विसरू नको, नाहीतर सर्व्हरने पाठवलेला एररचा मजकूर तू इमानदारीत हवामान म्हणून साठवून ठेवशील.

रिकाम्या ओळी विंडोजमुळे. सीएसव्ही मॉड्यूल ओळीचा शेवट स्वतःच लिहितं आणि विंडोजवर टेक्स्ट मोड त्यात आणखी एक अक्षर घुसवतो. ओपनमध्ये न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग दे, संपला विषय.

चिन्हांचं म्हणशील तर तुझी फाइल बरोबर आहे, एक्सेल ती चुकीची वाचतंय. एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) न देता विंडोजवर देवनागरी लिहायला गेला असतास तर बहुतेक वेळा लिहितानाच युनिकोड-एन्कोड-एरर आली असती, तुला आली नाही म्हणजे यूटीएफ-८ दिलंयस. एक्सेलला फाइलच्या सुरुवातीला एक खूण लागते, ती 'यूटीएफ-८-सिग' दिलं की पायथन आपोआप टाकतं, आणि जोडताना परत परत टाकत नाही, तेवढी काळजी आतच घेतलेली आहे. पण मग ती फाइल पायथनने वाचतानाही सिगच द्यायचं, नाहीतर डिक्टरीडरला (सीएसव्ही कॉलमांच्या नावांनी वाचणाऱ्याला) पहिल्या कॉलमचं नाव एका अदृश्य अक्षरासकट मिळतं आणि 'तारीख' नावाचा कॉलम समोर दिसत असून की-एरर येते, माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

माझं मत विचारशील तर मूळ फाइलमध्ये ठिकाणांची नावं ठेवूच नकोस, कोड ठेव. आपल्याकडे एकाच गावाची किती रूपं चालतात बघ, पणजी, पणजीम, पंजीम, केपे नि केपें, त्यात इंग्रजी स्पेलिंगं वेगळी, आणि आता तर गोव्यात विमानतळही दोन, दाभोळीचा आयकाओ (विमानतळांचा आंतरराष्ट्रीय) कोड व्हीओजीओ आणि मोप्याचा व्हीओजीए, एका अक्षराचा फरक. कुणी 'गोवा एअरपोर्ट' एवढंच लिहून ठेवलं तर २०२३ नंतरच्या डेटात तो समुद्राकाठचा पठारी भाग का पेडण्याचा डोंगर हे कळायला मार्ग नाही. स्टेशनांची एक छोटी वेगळी फाइल कर, त्यात कोड, मराठी नाव, अक्षांश, रेखांश, उंची आणि आकडा कुठून येतो ते, आणि मुख्य फाइलमध्ये फक्त कोड. मराठी नावं रिपोर्ट किंवा ग्राफ काढताना जोडायची.

आता आकडे न जुळण्याकडे येतो.

भारतीय हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, म्हणजे यूटीसीने (ग्रिनिचच्या जागतिक वेळेने) पहाटे तीनला. ७ जुलैच्या नावावर जो पाऊस लागतो तो ६ जुलैच्या सकाळी साडेआठपासून ७ च्या साडेआठपर्यंतचा, त्यातले साडेपंधरा तास आदल्या दिवसाचे. तू ओपन-मेटिओकडून जो 'डेली' पाऊस घेतोस तो मध्यरात्र ते मध्यरात्र असतो. त्यात टाइमझोन दिला नाहीस तर मध्यरात्र ग्रिनिचची, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचची, म्हणजे तो ना वेधशाळेचा दिवस ना आपला. आपल्याकडे जुलैत संध्याकाळी सुरू झालेली सर पहाटेपर्यंत कोसळत राहते, तेव्हा एकाच पावसाचे तीन पद्धतींनी तीन वेगळे आकडे आले तर त्यात आश्चर्य नाही, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. चूक तेव्हा होते जेव्हा तुझ्या फाइलमध्ये नुसती 'तारीख' आणि 'पाऊस' एवढेच दोन कॉलम असतात आणि या तिघांतला कुठला ते लिहिलेलंच नसतं. सहा महिन्यांनी तुलाही आठवणार नाही.

म्हणून डेली घेऊच नकोस, तासाचा डेटा घे, तोही यूटीसीमध्ये, आणि दिवस आपण बांधायचा. तासाचा पाऊस हा त्या वेळेच्या आधीच्या तासातली बेरीज असते, म्हणजे ०४:०० समोरचा आकडा हा तीन ते चारमधला पाऊस. तेव्हा साडेआठ ते साडेआठचा दिवस म्हणजे यूटीसीचे ०४:०० पासून दुसऱ्या दिवशीच्या ०३:०० पर्यंतचे चोवीस आकडे. पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीत रीसॅम्पल (वेळेनुसार गट पाडणं) चोवीस तासांचं, ऑफसेट तीन तास, क्लोज्ड आणि लेबल दोन्ही 'राइट', आणि बेरजेत मिन-काउंट २४. हे मिन-काउंट महत्त्वाचं, कारण ते न दिल्यास पांडाज हरवलेल्या तासांना शून्य धरून मोकळं होतं आणि सहा तास डेटाच नसलेला दिवस होता त्यापेक्षा कोरडा दिसतो. आपली वेळ पाच तास तीस मिनिटं पुढे असल्याने हा अर्धा तास एरवी फार छळतो, पण वेधशाळेची वेळ नेमकी यूटीसीच्या पुऱ्या तासावर पडते त्यामुळे इथे सोपं जातं.

फाइलमध्ये वेळ लिहायची ती वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आणि शेवटी ऑफसेटसकट (यूटीसीपासूनचा फरक). ओपन-मेटिओ जी वेळ देतं तिला ऑफसेट चिकटलेला नसतो, तो तू लाव. ०१-०६-२०२४ असं लिहिलंस तर कुणी १ जून वाचेल कुणी ६ जानेवारी, आणि पाऊस बघता फरक केवढा पडतो ते गोव्यात सांगायला नको. पायथनमध्ये डेटटाइम-नाऊला टाइमझोन-यूटीसी दे, जुनं यूटीसी-नाऊ वापरू नको, ते टाइमझोन नसलेली वेळ देतं आणि ३.१२ पासून ते डेप्रिकेटेड (मोडीत काढायला घेतलेलं) आहे. स्थानिक वेळ लागेल तेव्हा झोनइन्फोने एशिया-कोलकाता, पण विंडोजवर त्यासाठी टीझेड-डेटा वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. आणि हो, फाइलच्या नावात वेळ घालणार असशील तर विंडोजला नावात कोलन चालत नाही.

शून्य, रिकामं आणि 'नाममात्र' या तीन गोष्टी वेगळ्या ठेव. पाऊस पडला नाही तर ०.०. मोजलाच नाही, तू चतुर्थीला गावी गेलास आणि मापकाकडे कुणी बघितलं नाही, तर रिकामी जागा. थेंब पडले पण मापता येण्याइतके नाहीत तर तो ट्रेस, त्याला शेजारी एक खुणेचा कॉलम. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल 'नन' दिलं की रिकामी जागा लिहितं, पण फ्लोटचा एनएएन ('आकडा नाही' ही खूण) दिलास तर 'नॅन' हीच अक्षरं लिहितं, आणि पांडाज एनएएनला रिकामी जागा लिहितं, दोन्ही मिसळलेस तर एकाच फाइलमध्ये दोन तऱ्हा. नसलेल्या आकड्याजागी -९९९ घालायची जुनी पद्धत आहे, हवामान खात्याच्या ग्रिड केलेल्या (चौकटीनिहाय) पावसाच्या फाइलींत तीच आहे, तिथे ठीक आहे कारण ती बायनरी आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या सीएसव्हीत तसलं काही करू नको, कुणीतरी सरासरी काढेल आणि पणजीत उणे पाऊस पडेल.

एकक कॉलमच्या नावातच टाक, 'पाऊस_मिमी', 'तापमान_से' असं. वर शेरे लिहायला नंबर-चिन्हाच्या ओळी घालायची काहींना हौस असते पण एक्सेल त्या ओळी डेटा म्हणून दाखवतं. एककाचा एक सापळा सांगून ठेवतो. पुढे कधी ईआरए५चा (मागच्या हवामानाचा मॉडेलने बांधलेला) डेटा थेट कोपर्निकस या युरोपीय सेवेवरून घेतलास तर त्यात पाऊस मीटरमध्ये असतो आणि तापमान केल्विनमध्ये. तापमान ३०० बघून लगेच कळतं काहीतरी वेगळं आहे. पावसाचं कळत नाही. फाइल सुटसुटीत दिसावी म्हणून फ्लोट-फॉरमॅट दोन दशांशांचा दिलास तर ४ मिमी पाऊस म्हणजे ०.००४ मीटर, तो ०.०० होऊन गेला, एरर नाही वॉर्निंग नाही. आधी १००० ने गुणायचं, मग गोल करायचं, आणि पावसाला एक दशांश पुरतो. हवामान खात्याच्या पायऱ्याही तशाच आहेत, ६४.५ ते ११५.५ मिमी जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. मात्र ६४.५ ला पूर्ण आकड्यात राउंड केलंस तर पायथन ६४ देतं, कारण बरोबर मध्यावरचा आकडा तो सम संख्येकडे नेतो, आणि जोरदार पावसाचा एक दिवस तुझ्या हिशेबातून गेला.

फॉरमॅटचं आता. तीन ठिकाणांचा तासाचा डेटा म्हणजे दर ठिकाणी वर्षाला ८७६० ओळी, सगळं मिळून दोन मेगाबाइटच्याही आत. याला सीएसव्ही भरपूर झाली, पार्के आणि नेटसीडीएफ या मोठ्या डेटाच्या फॉरमॅटच्या नादी कशाला लागतोस. पण तू पडवीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक लावून मिनिटामिनिटाचं रेकॉर्डिंग करायचं म्हणतोयस, तर एका स्टेशनच्या वर्षाला ५,२५,६०० ओळी, दोन स्टेशनं झाली की एक्सेलची १०,४८,५७६ ची मर्यादा ओलांडलीस. तेव्हा महिन्याला एक फाइल कर, किंवा एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस घे, तो पायथनसोबतच येतो, वेगळा सर्व्हर नको काही नको. मी असतो तर एसक्यूलाइटच घेतलं असतं, आणि कारण आकारमान नाही. कारण डुप्लिकेट. 'ए' मोडची अडचण ही की स्क्रिप्ट दिवसातून दोनदा चालली तर तोच दिवस दोनदा लिहिला जातो, पावसाळ्याची बेरीज फुगते, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही कारण जास्त पाऊस आपल्याकडे कुणाला खोटा वाटतच नाही. एसक्यूलाइटमध्ये स्टेशन कोड आणि वेळ मिळून प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) कर आणि 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' लिही, मग स्क्रिप्ट कितीही वेळा चालव, ओळ एकच राहील. एवढं लक्षात ठेव की विथमध्ये घेतलेलं एसक्यूलाइटचं कनेक्शन कमिट होतं पण बंद होत नाही, बंद आपण करायचं. लोकांना द्यायला त्यातून सीएसव्ही काढायची, आणि ती सीएसव्ही एक्सेलमध्ये बघ हवं तर, पण सेव्ह करू नको, ते तारखांचे आकार आपल्या मर्जीने बदलतं.

जेसन कशाला, तर कच्च्या डेटाला. सर्व्हरकडून जे उत्तर आलं ते न उकलता जसंच्या तसं, बाइट्समध्ये, जीझिप करून, तारखेच्या नावाने ठेवून दे. जागा नगण्य लागते आणि पुढे पार्सिंगमध्ये काही बिघडलेलं आढळलं तर परत सगळं बांधता येतं. शिवाय ईआरए५चे ताजे आकडे सुरुवातीला प्राथमिक असतात आणि दोन-तीन महिन्यांनी अंतिम येतात, म्हणून मुख्य टेबलमध्येही 'कधी आणला' हा एक कॉलम हवा. आपण स्वतः जेसन लिहिणार असलो तर एन्शुअर-आस्कीला फॉल्स दे म्हणजे मराठी वाचता येईल, आणि त्यात एनएएन जाऊ देऊ नको, पायथन ते लिहितं पण जेसनच्या नियमात ते बसत नाही, दुसरीकडे वाचताना फुटतं.

नेटसीडीएफची खरी गरज तू नकाशा करायला लागशील तेव्हा. हवामान खात्याचा ग्रिड पाऊस १९०१ पासूनचा, ०.२५ अंशाचा, १३५ गुणिले १२९ चौकटी, आयएमडीलिब लायब्ररीने तो उघडता येतो आणि एक्सअॅरेने नेटसीडीएफ लिहिता येतं. पण ०.२५ अंश म्हणजे आपल्याकडे साधारण सत्तावीस किलोमीटरची चौकट, आणि गोव्याचं क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा गोवा पाच चौकटींच्या हिशेबाचा. वाळपईचा घाटाकडचा पाऊस आणि पणजीचा किनारी पाऊस यांतला फरक त्यात पुसट होणारच. तुझ्या घरच्या मापकाची किंमत इथेच आहे, तो आकडा दुसऱ्या कुणाकडेच नाही.

रास्पबेरी पायवर जाणार असशील तर दोन गोष्टींची तयारी ठेव, दोन्ही पावसाळ्यात लाइट जाते म्हणून. पहिली, पायथनने राइट केलं म्हणजे कार्डावर गेलं असं नाही, ते आधी बफरमध्ये असतं. दर ओळीनंतर फ्लश आणि मग ओएसचं एफसिंक, मिनिटाला एकदा हे केलं तर काही बिघडत नाही. तरीही ओळ अर्धी राहू शकते, आणि मग लाइट आल्यावरची पहिली ओळ त्या अर्ध्या ओळीलाच चिकटते. स्क्रिप्ट सुरू होताना फाइलचा शेवटचा बाइट ओळ-शेवटाचा आहे का बघ, नसेल तर एक टाकून घे. पूर्ण फाइल परत लिहायची असेल, समज स्टेशनांची यादी, तर शेजारी तात्पुरत्या नावाने लिही आणि ओएस-रिप्लेसने नाव बदल, एकतर जुनी फाइल मिळते नाहीतर नवी, मधलं अर्धवट काही नाही. फक्त दोन्ही एकाच ड्राइव्हवर हव्यात.

दुसरी जास्त वाईट. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत घड्याळच नसतं, वेळ इंटरनेटवरून येते. लाइट गेली, परत आली, पण राउटर उठायचाय किंवा लाइन तुटलीय, तेव्हा पाय आपली शेवटची साठवलेली वेळ धरून पुढे चालू लागतो. तुझे आकडे खरे, वेळ खोटी, आणि नेमका ज्या रात्री वादळी पाऊस झाला त्या रात्रीचीच. डीएस३२३१चं छोटं घड्याळ मॉड्यूल जोड, किंमत फार नाही, पाय ५ मध्ये घड्याळ आहे पण त्याची बॅटरी वेगळी बसवावी लागते. शिवाय कोडमध्ये एवढी तपासणी ठेव की नवी वेळ मागच्या ओळीच्या वेळेपेक्षा मागे असेल तर ओळ टाकायची पण खूण करून.

क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या सोयीने) चालवणार असशील तर फाइलचा पूर्ण पत्ता दे. क्रॉन स्क्रिप्टच्या फोल्डरमधून चालत नाही, त्यामुळे नुसतं 'पाऊस.सीएसव्ही' लिहिलंस तर ती होम फोल्डरमध्ये जाऊन बसते आणि तू इकडे जुनीच फाइल बघत राहतोस. पाथलिबने स्क्रिप्टच्या जागेवरून पत्ता काढ.

एक गंमत, हाताने आकडे टाकताना देवनागरीत टाइप झाले तरी हरकत नाही, पायथनचं फ्लोट '१२.५' बिनतक्रार घेतं आणि १२.५ देतं. पण ते रूपांतर करून मगच साठव, पुढच्या टूलांकडून ही अपेक्षा ठेवू नको.

तुझा आधीचा पुसला गेलेला डेटा ओपन-मेटिओच्या आर्काइव्हमधून परत ओढता येईल, पणजीसाठी अक्षांश १५.४९ आणि रेखांश ७३.८३ दे, जून महिन्यापासूनचा एकदम माग. ते आकडे रोजच्या अंदाजाच्या आकड्यांशी तंतोतंत जुळणार नाहीत कारण मॉडेल वेगळं, म्हणून 'कुठून आणला' या कॉलममध्ये तसं लिही. घरच्या मापकाचे आकडे मात्र वहीत असतील तेवढेच, ते आधी टाइप करून घे, आणि प्रत्येकापुढे मोजल्याची वेळ टाक, साडेआठला मोजला नसशील तर जी खरी वेळ असेल तीच.